ओतिक्याताच्या पोटावरची शिवण

आमच्या घरात अजूनही कुणी पाहुणा आला आणि जुन्या गोष्टी निघाल्या, की माझा थोरला भाऊ रघूअण्णा सांगतो, दसऱ्याला थिएटरपुढे उभा केलेला तो दोन मजली सरडा त्यानं केला होता. आता त्याचे दात गेलेत, त्यामुळे सरड्याचं तोंड करून दाखवताना तो पूर्वीपेक्षा बरा दिसतो. पाहुणे हसतात. मी स्वयंपाकघरात असले तर हातातलं भांडं जरा जोरात ठेवते. इतकी वर्षं भांडी आपटली, आता लिहून ठेवते. तो सरडा मी कापला, मी शिवला, आणि त्याचं पोट फाटलं तेव्हा भर दुपारी शिडीवर चढून तेही मीच शिवलं. त्याबद्दल मला जे मिळायचं ठरलं होतं ते मिळालं नाही. मी नंतरच्या आयुष्यात पुष्कळ सौदे केले, काही हरले, पण ठरलेला सौदा कुणी असा मोडून नेला नाही. मोडणारा परका असता तर त्याचं दुकान मी बंद पाडलं असतं. तो माझा बाप होता.

कानडी मुलखातलं राजवाड्याचं गाव, तिथे पुढे दुकान आणि मागे घर अशी आमची जागा. दुकानात दोन मशिनं चालायची, एक अप्पांचं, एक रघूअण्णाचं. राज्यांची फेरआखणी होऊन आमचं राज्य मोठं झालं, गावातल्या नजरबादच्या कचेऱ्यांत शिपाई वाढले, आणि शिपायांचा खाकी गणवेश शिवायचं काम आमच्याकडे आलं. म्हणून अप्पांनी एका म्हाताऱ्या शिंप्याचं जुनं मशीन घेऊन ठेवलं होतं. ते तिसरं मशीन कोपऱ्यात जुन्या चादरीखाली झाकलेलं असायचं, कारण त्यावर बसायला माणूस नव्हता. म्हणजे होता, पण तो माणूस बाई होता. आमच्याकडे रीत अशी, की मशीन पुरुषांनी चालवायचं आणि काज-बटण, तुरपाई आतल्या खोलीत बायकांनी करायची. बाईचा पाय मशीनच्या पायट्यावर पडला की गिऱ्हाईक उंबरा चढत नाही, असं आत्या म्हणायची. आत्या अप्पांची थोरली बहीण, लवकर विधवा होऊन आमच्याकडे आलेली, आणि घरातल्या सगळ्या रीतींची किल्ली तिच्या कमरेला. अप्पा जेवून लवंडले की दुकानाची फळी लावलेली असायची. त्या तासाभरात मी त्या तिसऱ्या मशीनवर शिवायला शिकले, चादर अर्धीच उचलून, आणि आवाज होऊ नये म्हणून इतक्या हळू, की माझा टाका आजही कुणापेक्षा बारीक पडतो.

आमच्या घराचे आवाज मला अजून झोपेत ऐकू येतात. बाहेर दोन मशिनं एकमेकांच्या मागे पळायची, आत आत्या अभंग गुणगुणायची आणि अवघड काज आलं की मध्येच थांबायची, आई रागीचा मुद्दा, म्हणजे नाचणीच्या पिठाचा गोळा, घोटताना लाकडी दांडा भांड्यावर तीनदा आपटायची. त्या तीन ठोक्यांवर अप्पा पाय थांबवत. अवरेकाळूचं सारू, म्हणजे पावट्याची आमटी, मुद्दा, आणि रविवारी वर थोडं तूप. आमची मराठी अशी, की सोलापूरकडचा एक पाहुणा जेवायला बसला असताना आईनं त्याला ‘ऊट बेगी करा, सारू आरून जाईल’ म्हटलं, आणि तो बिचारा बराच वेळ ताटाकडे बघत बसला. जेवण लवकर करा, सारू गार होईल, एवढंच तिचं म्हणणं होतं. असो.

रविवारी सकाळी थिएटरात इंग्रजी पिक्चर लागायचे. रघूअण्णा एकही सोडायचा नाही. त्यातही त्याला नाद होता तो प्रचंड जनावरांच्या पिक्चरचा. बसएवढ्या मुंग्या, विजेच्या खांबांवर जाळं विणणारा कोळी, बाँबच्या स्फोटानं समुद्राच्या तळाशी जागा झालेला आणि आगगाडी चघळणारा कुठला तरी प्राणी. घरी आला की जेवताना तो सगळी गोष्ट सांगायचा. रिकाम्या डब्याला मेण लावलेला जाड दोरा बांधून तो दोरा चिमटीत धरून ओढायचा, आणि डब्यातून असा हंबरडा निघायचा, की आत्या ‘विठ्ठला’ म्हणून घास खाली ठेवायची. आम्ही बायका काज करत ऐकायचो. इंग्रजी पिक्चरला आमच्यातल्या बायका जात नसत. वर्षातून दोनदा देवाचा पिक्चर, तोही सगळ्यांनी मिळून, तेवढंच.

मी विचारायची, “अण्णा, त्यानं मान वळवली की मानेखालचं कातडं कसं दिसतं? चुण्या पडतात का ताणलं जातं?”

“तुला काय करायचंय? माणसं पळत होती, मी ती बघू का चुण्या बघू?”

खरं होतं ते. त्याला आरडाओरडा आठवायचा, जनावर आठवायचं नाही. मी न पाहिलेली जनावरं मात्र माझ्या डोळ्यापुढे शिवणीसकट उभी असायची. कुंपणावर सरडा दिसला की मी काम टाकून बघत बसायची. आई म्हणायची, हिला ओतिक्यातच नवरा बघायला हवा. कन्नडमध्ये सरड्याला ओतिक्यात म्हणतात, आणि आमच्या घरात त्याला दुसरा शब्दच नव्हता.

त्या वर्षी दसऱ्याला थिएटरात असाच एक मोठा पिक्चर यायचा होता. मॅनेजर नंजुंडय्या स्वतः दुकानात आले. गोरे, गोल, सारखी तपकीर ओढणारे. त्यांना थिएटरच्या दारापुढे पिक्चरमधलंच जनावर उभं करायचं होतं, गच्चीला डोकं लागेल एवढं. बांबूचा सांगाडा बुरूड करणार होता, वरचं कातडं आम्ही शिवायचं. दसरा बघायला खेड्यापाड्यातून माणसं येतात, ती राजवाडा बघतील आणि मग हे बघतील, असा त्यांचा हिशेब. अप्पांनी आयुष्यात शर्ट, पायजमा आणि खाकी याशिवाय काही शिवलं नव्हतं, पण ‘नाही’ म्हणायचं त्यांच्या जिभेवर नव्हतं. पिरियापट्टणच्या तंबाखूच्या व्यापाऱ्याकडून गोणपाटाचे गठ्ठे आले. त्यांच्याबरोबर गोण्या शिवायची सुतळी आणि वीतभर लांब एक दाभण आलं. आमचं सगळं घर तंबाखूच्या वासानं भरलं. आत्याला शिंका, आईला मळमळ.

अप्पा आणि रघूअण्णानं तीन दिवस खपून मान शिवली. सांगाड्यावर चढवून बघितली तर ती बैठकीतल्या लोडासारखी दिसली. नंजुंडय्यांनी हातातल्या फोटोकडे पाहिलं, मानेकडे पाहिलं, आणि म्हणाले, “मेस्त्री, ह्याला बघून माणसं पळणार नाहीत, टेकून बसतील.”

त्या संध्याकाळी अप्पा जेवले नाहीत. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले आणि म्हणाले, “मान सरळ कापडाची केलीत म्हणून लोड झाला. चोळीच्या बगलेत कळी घालतो तशी गळ्याखाली कळी हवी. आणि पोट आडव्या कापडाचं, म्हणजे झोळ पडेल. पाठ उभी.”

अप्पांनी तांब्या घेऊन खाली ठेवला. मग म्हणाले, “कापशील?”

मला वाटतं माझ्या आयुष्यातला पहिला सौदा तिथे झाला. सतरा वर्षांची होते. मी म्हटलं, “कापीन. तिसरं मशीन मला द्यायचं. दुकानात, पुढे. चादर काढून.”

“तुझं डोकं फिरलंय.”

“मग लोड ठेवा.”

ते उठले, दुकानातल्या विठोबाच्या तसबिरीखाली जाऊन उभे राहिले. आम्ही काही ठरवलं की तिथे ठरवायचो. तसबिरीच्या चौकटीवर हात ठेवून ते म्हणाले, “विजयादशमीची मिरवणूक निघून जाईपर्यंत हे जनावर धड उभं राहिलं, तर मशीन तुझं.” मी लगेच म्हटलं, आईसमोर पुन्हा म्हणा. त्यांनी म्हटलं. आई डोक्यावरचा पदर सारखा करत गप्प उभी राहिली. माझ्या बाजूनं साक्ष द्यायची वेळ आली तेव्हाही ती तशीच गप्प उभी राहणार होती, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

पुढचे दिवस मी जितकी सुखी होते तितकी नंतर माझ्या स्वतःच्या कारखान्यातही झाले नाही. अंगणात गोणपाट अंथरून खडूनं रेघा मारायच्या, गुडघ्यावर रांगत कापायचं. गुडघ्याला दोन कळ्या, म्हणजे चुणी पडू नये म्हणून घालायचे तिकोनी तुकडे, जबड्याखाली तीन. पाठीवरचे काटे अप्पांनी केले, रंगारी शेजाऱ्यानं हिरवा-काळा रंग चढवला, लाल मांजरपाटाची जीभ आईनं शिवली. रघूअण्णा बाजूला बसून डबा वाजवायचा आणि सांगायचा, पिक्चरमध्ये असं नाही. मी विचारायची, मग कसं. त्याला सांगता यायचं नाही.

सरडा उभा राहिला तेव्हा रस्त्यावरच्या टांग्याचं घोडं बिथरलं. नंजुंडय्यांनी हात जोडले. माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, “एनम्मा, नीनु माडिद्दा?” काय गं, तू केलंस? मी तोंड उघडणार तोच अप्पा म्हणाले, “घरातलीच पोर. दोरा ओवून देते.” दुसऱ्या दिवशी सरड्याच्या पायाशी पाटी लागली. त्यावर आमच्या दुकानाचं नाव आणि खाली रघूअण्णाचं. मी गप्प बसले. पाटीशी मला काही करायचं नव्हतं, माझं लक्ष मशीनवर होतं. माणूस मोठ्या गोष्टीसाठी छोटी सोडतो, आणि समोरच्याला कळतं की हिला सोडता येतं. ही चूक मी पुन्हा कुठल्याही सौद्यात केली नाही.

खंडेनवमी आली. त्या दिवशी आमची सगळी हत्यारं देवापुढे बसतात. मशिनं पुसून त्यांना कुंकू लावायचं, कात्र्या, सुया, फूटपट्टी, इस्त्री, अंगुस्तान, सगळं पाटावर मांडायचं, झेंडूच्या माळा घालायच्या. पूजा उठते ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, देवळात विठोबाची आरती झाल्यावर. तोवर घरात टाका घालायचा नाही. सदऱ्याचं बटण तुटलं तर तसंच हिंडायचं. आम्ही चित्रान्नाचा भात आणि ओबट्टू, म्हणजे पुरणपोळ्या, खाऊन बसलो होतो, एवढ्यात थिएटरचा दारवान धावत आला. पूजा करून केळीचे खुंट बांधलेली एक लॉरी मागे घेताना सरड्याला घासली होती. छातीपासून मांडीपर्यंत पोट फाटलं होतं, आतला पेंढा लोंबत होता, आणि माणसं पिक्चरचं तिकीट सोडून ते बघत हसत होती. आत्ताच शिवला नाही तर पेंढा निघून डोकं खाली येईल, आणि खाली रांग आहे, म्हणून मॅनेजर तो पाडून टाकायला सांगतायत.

अप्पा म्हणाले, “आज सुई नाही. त्यांना सांग, उद्या संध्याकाळी.”

“उद्या दुपारी मिरवणूक आहे,” मी म्हटलं.

“मला माहीत आहे.”

त्यांच्या आवाजात काही तरी होतं. हळहळ नव्हती ती. आज मी खात्रीनं सांगू शकते, जो सौदा माणसाला पाळायचा नसतो तो आपोआप मोडला की असा सुटल्याचा आवाज निघतो. मी आत गेले आणि कोनाड्यातून दाभण घेऊन आले.

“अप्पा, हे पूजेत नाही.”

आत्या ओरडली, “ठेव ते. सुई ती सुई.”

“आपलं हत्यार नाहीये ते आत्या. गोण्या शिवणाऱ्याचं आहे. ह्याला कुंकू लावलंत का तुम्ही? नाही लावलंत, कारण तुम्हालाही ते आपलं वाटलं नाही.”

“तोंड बघा हिचं.”

“आणि सकाळी झेंडूच्या माळा केल्यात त्या कशानं ओवल्यात?”

आत्यानं देवापुढच्या माळांकडे पाहिलं. अप्पा मला बघत होते, दाभणाला बघत होते. दारवान दारात उभा होता. अप्पांनी टोपी घातली आणि म्हणाले, “चल.” एवढंच म्हणाले, पण म्हणाले. आईनंही ऐकलं.

थिएटरपुढे ही गर्दी. शिडी लावली. अप्पांनी शिडीचे दोन्ही खांब धरले आणि तोंड रस्त्याकडे केलं. मी लंग्यावरची दावणी, म्हणजे परकरावरची ओढणी, कमरेला खोचून वर चढले. पेंढा मुठीमुठीनं आत कोंबायचा, फाटलेल्या कडा एकीवर एक आणायच्या, दाभण गोणपाटातून घुसवायचं, सुतळी ओढायची. बारीक टाक्याला वेळ नव्हता. ऊन, तंबाखूचा वास, तळहाताला सुतळीचे वळ. खालून कुणी तरी म्हणालं, टेलर मेस्त्रीची मुलगी ओतिक्याताचं बाळंतपण करतेय. हशा झाला. मी खाली पाहून म्हटलं, “तुझी टोपी पण उसवलीय, थांब, तुझ्याकडे येते.” त्यानंतर कुणी हसलं नाही. साडेतीन हात लांब शिवण झाली. ओबडधोबड, वाकडी, पण अशी घट्ट, की दुसऱ्या दिवशी सगळं गाव लोटलं, पोरांनी शेपटीला लोंबकळून घेतलं, हत्ती-घोड्यांची मिरवणूक गेली, तरी सरडा जागचा हलला नाही. खाली उतरले तेव्हा शिडी धरून अप्पांच्या हातांना रग लागली होती. ते हात चोळत होते. मला आठवतं.

आरती झाली, पूजा उठली. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं. रघूअण्णा एका गिऱ्हाइकाला तो नवा पिक्चर सांगत सांगत मशीन चालवत होता. हंबरडा कसा होता हे दाखवायला त्यानं मान वर केली आणि मशीनची सुई त्याच्या बोटातून आरपार गेली. रक्त आलं, आरडाओरडा झाला, हळद लावली, फडकं बांधलं. आठवड्यात बोट बरं झालं. पण आत्या त्याच क्षणी दारात येऊन म्हणाली, “खंडेनवमीला सुई चालवली. सुईनं रक्त मागून घेतलं.”

मी दोन दिवस थांबले. मग अप्पांना म्हणाले, “मिरवणूक गेली. मशीन.”

ते कापडावर रेघ मारत होते. मान वर न करता म्हणाले, “ज्या हातानं त्या दिवशी सुई धरली, तो हात दुकानात बसवता येणार नाही. माणसं नावं ठेवतात.”

“शिडी कुणी धरली होती अप्पा?”

“मी रस्त्याकडे बघत होतो.”

मी आईकडे पाहिलं. आई पदर सारखा करत होती.

माझा राग तेव्हापासूनचा. मी कोपऱ्यातली चादर ओढून फेकली, दोन गिऱ्हाइकं समोर उभी असताना त्या मशीनवर बसले आणि पायटा दाबला. गिऱ्हाइकं कुठेही पळून गेली नाहीत. एकानं तर विचारलं, ही चोळी शिवते का. अप्पा शांतपणे उठले, खाली वाकले, चाकावरची चामड्याची वादी काढली आणि कोटाच्या खिशात टाकली. माझे पाय रिकाम्या पायट्यावर वर-खाली होत राहिले. वर सुई हलत नव्हती. मी किती वेळ तशी बसले होते मला सांगता येणार नाही.

वर्षभरात माझं लग्न झालं. नवरा गरीब आणि भला, मशीनच्या बाबतीत त्याला मत नव्हतं, हाच त्याचा मोठा गुण. भाड्याच्या मशीनवर सुरुवात करून पुढे हेब्बाळच्या कारखान्यांतल्या कामगारांचे कपडे शिवायचं काम मी मिळवलं. तिथल्या साहेब लोकांशी मी तीन भाषांत भांडले आणि बहुतेक वेळा जिंकले. माझ्याकडे आज एकवीस मशिनं आहेत, आणि एकवीसही बायका चालवतात. खंडेनवमीला सगळी बंद असतात. त्या दिवशी मी कुणाला काम सांगत नाही, आणि कुणी आपणहून केलं तर त्याचा दोष तिच्यावर येऊ देत नाही. अप्पा शेवटी माझ्याकडेच होते. त्यांचं सगळं केलं. माझा कारखाना बघून ते एकदा म्हणाले, तुझा हात पहिल्यापासून चांगला. मी म्हटलं, हो, दोरा चांगला ओवते.  ते वारल्यावर मी त्यांच्या जुन्या कोटाचे सगळे खिसे उलटे करून बघितले. वादी नव्हती.

तो पिक्चर मी तेव्हा पाहिलाच नव्हता. मागच्या महिन्यात नातवानं तो कुठून तरी शोधून काढला आणि टीव्हीवर लावला. म्हणाला, आज्जी, भीती वाटली तर सांग. एवढं मोठं जनावर, घरं तुडवतंय, माणसं पळतायत, सगळं रघूअण्णानं सांगितलं तसं. पण दहा मिनिटांत मला कळलं, की आत माणूस आहे. गुडघ्याला चुणी पडत होती. कळी घातली नव्हती. मी नातवाला म्हटलं, त्याची पाठ दिसते तिथे थांबव. थांबवलं. काट्यांच्या वर, मानेशी, एक वाकडी शिवण होती, मोठ्या मोठ्या टाक्यांची, उभ्याउभ्या घाईत घातलेली. शेवटी नावं आली. मी म्हटलं, वाच. त्यानं सगळी वाचली. कातडं शिवणाऱ्याचं नाव कुठे आहे, मी विचारलं. नाहीये म्हणाला. पुन्हा वाच म्हटलं. पुन्हा वाचली. नव्हतं.

त्याला मागे नेऊन ती शिवण मी परत लावायला सांगितली आणि बराच वेळ बघत बसले. कोण असेल, पुरुष का बाई, कळायला मार्ग नाही. पण आत माणूस असला तरी वर डोकं चढवलेलं जनावर उंच होतं, आणि मानेशी हात पोचायला लहानशी का होईना, शिडी लागली असणार. खाली कुणी तरी ती धरून उभं असणार, रस्त्याकडे तोंड करून.